जिल्ह्याच्या आजारांचं उत्तर जिल्ह्यातच शोधू: देऊळघाटचा जाहीरनामा

आम्ही देऊळघाट आणि आसपासच्या गावांतले तरुण डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, कृषी पदवीधर, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेले-शिकवणारे लोक आणि आशाताई आज एक चळवळ सुरू करत आहोत. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसांच्या आजारांवर खरं संशोधन व्हायचं असेल, तर त्याचं नेतृत्व करणारी तरुण माणसं इथेच घडवली पाहिजेत, हे आमचं म्हणणं आहे. आपापल्या विषयात हुशार असलेल्यांची इथे वाण नाही. डॉक्टर, मृदाशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि घरोघरी फिरणारी आशाताई यांना एका प्रश्नाभोवती बसवणारा, त्यांच्यातले मतभेद मिटवणारा, पैशाचा हिशेब देणारा आणि उत्तर हाती येईपर्यंत काम न सोडणारा माणूस आमच्याकडे नाही. असा माणूस आपोआप तयार होत नाही. त्याला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं आम्ही ठरवलं आहे.

याची गरज किती आहे ते जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, शेगाव तालुक्यात जाऊन विचारा. डिसेंबर २०२४ पासून बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि शेजारच्या गावांत लोकांचे केस जाऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. त्यात लहान मुलं होती, कॉलेजला जाणाऱ्या मुली होत्या. मुलींनी घराबाहेर पडणं सोडलं, ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या. सुरुवातीला बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्याचा. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले, पण त्या पट्ट्यात ते वर्षानुवर्षं आहेत. मग केस आताच का गेले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथकं बाहेरून आली आणि नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःहून, स्वतःच्या खर्चानं आले. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढलं आहे, जस्त कमी झालं आहे आणि संशय रेशनवर आलेल्या, पंजाबातल्या गव्हावर आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. एप्रिलमध्ये शेगावच्या त्याच भागात नखं कमजोर होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या.

या प्रकरणात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा आमचा हेतू नाही. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. बोंडगावात पहिल्या आठवड्यात एक नीट तयार झालेली स्थानिक तुकडी पोहोचली असती, तर तिनं काय केलं असतं? हे तपशिलात सांगतो, कारण आमची सगळी चळवळ या तपशिलात आहे.

रक्तापासून सुरू करू. रक्तातलं जस्त मोजायचं तर रोजची ट्यूब चालत नाही. तिच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं आणि आकडा खोटा निघतो. सूक्ष्म धातूंसाठी गडद निळ्या बुचाची वेगळी ट्यूब लागते. रक्त काढताना किंवा खडबडीत रस्त्यानं नेताना पेशी फुटल्या तरी जस्त वाढलेलं दिसतं, म्हणून गावाजवळच सेंट्रिफ्यूज हवं आणि ते चालवायला वीज हवी. केसांचंही तसंच. कोंड्यावरच्या काही शाम्पूंमध्ये सेलेनियम सल्फाइड असतंच. रुग्ण कोणता शाम्पू वापरतो हे न विचारता केस प्रयोगशाळेत पाठवले तर येणाऱ्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूलगतचा भाग आणि टोकाचा भाग वेगळा तपासला तर शरीरात काय कधी गेलं याचा अंदाज बांधता येतो. पण केस सगळे गळून गेल्यावर हा पुरावाही जातो.

आता गहू. घरच्या कोठीत रेशनचा गहू आणि वावरातला गहू एकत्र असतो. दळताना दोन्ही मिसळतात. म्हणून पीठ तपासून भागत नाही. कोणत्या दुकानातून, कोणत्या महिन्यात, कोणत्या लॉटचं धान्य आलं ते पुरवठा खात्याच्या नोंदींशी जुळवावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ज्यांचे केस गेले नाहीत त्यांना शोधावं लागतं. त्याच गल्लीत ज्वारीची भाकरी खाणारं घर, स्वतःच्याच शेतातला गहू खाणारं घर, तेच पाणी पिऊनही ठणठणीत असलेलं घर. हे घर कुठलं, ते आशाताईला एका मिनिटात सांगता येतं. बाहेरून आलेल्या पथकाला ते सापडायला आठवडा लागतो. बाधित आणि निरोगी घरांची तुलना कशी करायची, किती घरं घेतली म्हणजे निष्कर्ष टिकेल, हे संख्याशास्त्रज्ञानं आधीच सांगायचं असतं, कारण रक्तातलं सेलेनियम दिवसागणिक उतरत जातं.

यातली एकेक गोष्ट जाणणारी माणसं आजूबाजूला आहेत. ट्यूबचं रसायन कॉलेजात शिकवणाऱ्याला कळतं, धान्य आणि माती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्याला कळते, त्वचा त्वचारोगतज्ज्ञाला कळते, रेशनच्या नोंदी तहसीलच्या कारकुनाला कळतात. त्यांना पहिल्याच दिवशी एका टेबलाशी बसवणं, हे मात्र कुणाचंच काम नव्हतं. हे काम ज्याचं असेल असा माणूस तयार करणं म्हणजे आमची चळवळ.

महाराष्ट्राला हे नवं नाही, उलट या बाबतीत आपण जगाला शिकवलं आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा मुलगा नागपूरला डॉक्टर होऊन १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. तिथे विंचूदंशानं माणसं मरत होती. हे डॉ. बावस्करच. विंचवाच्या विषानं हृदयावर काय होतं याच्या नोंदी त्यांनी रात्ररात्र रुग्णाशेजारी बसून केल्या, रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध तिथे वापरलं आणि लॅन्सेटसारख्या जगन्मान्य नियतकालिकात छापून आणलं. एकट्या माणसानं केलेलं हे काम अफाट आहे. पण आम्हाला त्यातून एक काळजीही वाटते. प्रत्येक जिल्ह्याला असा एक झपाटलेला माणूस मिळेलच याची खात्री कोण देणार? आणि पंच्याहत्तरीच्या आसपासच्या डॉक्टरांनी महाडहून शेगावला यावं लागतं, ही आमच्या पिढीसाठी अभिमानाची बाब नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं उदाहरण आम्ही सगळ्यांत जवळचं मानतो, आणि त्याचं कारण त्यांची कीर्ती हे नाही. वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम करताना त्यांना कळलं की नुसती सेवा करून प्रश्न सुटत नाही, तो मोजता आला पाहिजे. मोजायला शिकण्यासाठी ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, १९८४ मध्ये परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. पुढे त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाया बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा, इंजेक्शन सोडून, त्यातलं बरंचसं काम करतात. म्हणजे देऊळघाटची आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे करते, त्याचा पुरावा गडचिरोलीच्या जंगलात तयार झाला आहे. संशोधनाची पद्धत शिकायला मात्र बंग दांपत्याला सातासमुद्रापार जावं लागलं. चाळीस वर्षांनंतर बुलढाण्याच्या मुलीला किंवा मुलाला त्यासाठी बाल्टिमोर गाठावं लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यातून दिसलं की आपली बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबी जास्त असते आणि आईच्या पोटातल्या पोषणाचा धागा पुढच्या मधुमेहापर्यंत जातो. या कामात डॉक्टरांइतकाच वाटा होता तो स्वयंपाकघरात बसून बाईनं काय आणि किती खाल्लं याची नोंद करणाऱ्या कार्यकर्त्यांचा. ती माणसं वर्षानुवर्षं टिकवून ठेवणं हेही नेतृत्वच.

बार्शीचं उदाहरण आम्ही दुहेरी कारणानं सांगतो. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयानं आणि टाटा मेमोरियलनं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायांचा समावेश असलेला अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: एकदा केलेली एचपीव्ही विषाणूची तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. आज जगभरची धोरणं या अभ्यासाचा आधार घेतात. पण तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या बायांना तपासणी मिळाली नाही आणि त्यातल्या काही दगावल्या, यावर नंतर तीव्र टीका झाली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या उमेदवारांनी या अभ्यासाचे आकडे आणि त्यावरची टीका, दोन्ही वाचलीच पाहिजेत. चांगलं उत्तर मिळालं म्हणून ते मिळवण्याची रीत आपोआप योग्य ठरत नाही, आणि रीत योग्य आहे की नाही हा निर्णय नेतृत्व करणाऱ्याला अभ्यास सुरू होण्याआधी घ्यावा लागतो.

आज तरुण डॉक्टर संशोधन कसं शिकतो? पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाल्यावर काही महिन्यांत प्रबंधाचा विषय द्यावा लागतो. विषय बहुतेक वेळा गाइड सुचवतात, आणि तो बऱ्याचदा आधीच्या बॅचच्या विषयाचा चुलतभाऊ असतो. वॉर्ड, इमर्जन्सी आणि नाइट ड्युटीतून वेळ काढून तो केसेस जमवतो. संख्याशास्त्रज्ञाची गाठ पडते ती सगळी माहिती जमल्यावर, म्हणजे जेव्हा काही सुधारता येण्यासारखं उरलेलं नसतं. प्रबंध बांधला जातो, कपाटात जातो. प्राध्यापकांना पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात, त्यामुळे छापणं हेच उद्दिष्ट होऊन बसतं. संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला आहे, तो चांगलाही आहे. पण प्रस्ताव कसा लिहायचा, नैतिकता समितीला काय सांगायचं, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद कधी करायची, फील्डवरचा मुलगा खोट्या नोंदी करतोय हे कसं ओळखायचं, निबंधावर कुणाचं नाव आधी येणार यावरून पेटलेलं भांडण कसं सोडवायचं, हे व्हिडिओ पाहून येत नाही. दुसऱ्या बाजूला, एमएस्सी झालेली आमची रसायनशास्त्राची मुलं औषध कंपनीत गुणवत्ता तपासतात किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतात. रुग्णाशी आपला काही संबंध असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आमचं काम आम्ही असं करणार आहोत. दोन वर्षांची तुकडी, वैद्यकीय आणि बिगर-वैद्यकीय उमेदवार समसमान. पहिले सहा महिने कुणीही एकही नमुना घ्यायचा नाही. त्या काळात प्रत्येकानं आशाताईबरोबर फिरायचं, प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी रजिस्टरं वाचायची, दुसऱ्याच्या शास्त्रातलं पहिल्या वर्षाचं पुस्तक वाचायचं आणि एक प्रश्न एका पानात लिहायचा. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवायचं. मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणाऱ्या या गावातल्या शेतमजुराला प्रश्न समजला नाही किंवा महत्त्वाचा वाटला नाही, तर तो पुन्हा लिहायचा. त्यानंतर अभ्यासाची आखणी, आणि त्या बैठकीत संख्याशास्त्रज्ञ पहिल्या मिनिटापासून हजर. तुकडीचं नेतृत्व ठरावीक काळानं बदलेल, आणि प्रमुख डॉक्टरच असला पाहिजे असा नियम नसेल. प्रश्न पाण्याचा असेल तर भूजलशास्त्र शिकलेली मुलगी प्रमुख होईल आणि एमडी झालेला तिच्या हाताखाली काम करेल. आमच्याकडे डॉक्टरपुढे बाकीच्यांनी गप्प बसण्याची जी सवय आहे, ती मोडल्याशिवाय यातलं काही होणार नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

पहिला विषय ठरला आहे: पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि किडनीचे आजार. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत खारट पाण्यानं किडन्या जातात असं लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ते खरं असेल. पण मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्ये असाच आजार पसरला, तेव्हा शास्त्रज्ञांचं लक्ष उन्हातले कष्ट आणि शरीरात सतत पडणारी पाण्याची तूट याकडे गेलं. आंध्रातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेत अजून वेगवेगळ्या कारणांवर वाद आहे. आपल्याकडे मजूर अंग दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो, फवारणी करतो, आणि त्यात मधुमेह-रक्तदाब वाढतोय. फवारणीचं विष किती जवळ आहे ते २०१७ मध्ये यवतमाळनं दाखवलं. तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मग किडनीचा दोष पाण्याचा, उन्हाचा, गोळीचा की फवारणीच्या औषधाचा? नेफ्रॉलॉजिस्ट एकटा याचं उत्तर देऊ शकत नाही, भूजलतज्ज्ञही देऊ शकत नाही. चुकीचं कारण धरलं तर कोट्यवधींची पाणी योजना होईल आणि डायलिसिसची रांग तशीच राहील.

काही गोष्टी आम्हाला शासनाकडून आणि संस्थांकडून हव्या आहेत, आणि त्या आम्ही हक्कानं मागतो. २०२४ मध्ये बुलढाण्यात १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते पूर्ण उभं राहायच्या आत, पहिल्या बॅचच्या विद्यार्थ्यांपासूनच, तिथे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मिळून एक संशोधन गट सुरू व्हावा. नंतर जोडलेला कक्ष कागदावरच राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला संशोधनासाठी आठवड्यातून एक दिवस मिळावा आणि त्या दिवशी त्याच्या जागी दुसरा डॉक्टर असावा, नाहीतर तो दिवस रुग्णांच्या पोटातून जाईल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं एका मोठ्या अभ्यासातला आपापला भाग प्रबंध म्हणून सादर करायची मुभा अनेक विद्यार्थ्यांना द्यावी. पन्नास छोटे प्रबंध जे सांगू शकत नाहीत ते एक मोठा अभ्यास सांगेल. आयसीएमआर असो की दुसरी कुठली संस्था, गावातून नमुने नेले तर निष्कर्ष त्या गावाला, त्याच्या भाषेत, ठरलेल्या मुदतीत कळवावेत. ज्याचे केस गेले त्याला कारण वर्तमानपत्रातून कळणं योग्य नाही. आणि आशाताईंचं काम मोबदल्यावर चालतं, हे लक्षात ठेवून संशोधनाचं त्यांचं काम फुकट करून घेऊ नये. त्यांनी माहिती गोळा केली असेल तर शोधनिबंधात त्यांचं नाव असलं पाहिजे.

रुग्णांना आमचा शब्द आहे. संमतीशिवाय थेंबभर रक्त घेणार नाही. नमुना कुठे गेला, काय तपासलं, याची पावती हातात देऊ. तुमचा रिपोर्ट तुम्हाला आधी मिळेल, नियतकालिकाला नंतर. ज्या आजाराच्या उपचाराची सोय नसेल, त्याची तपासणी ती सोय लावल्याशिवाय सुरू करणार नाही. अभ्यासातून काहीच निष्पन्न झालं नाही तरी तेही ग्रामसभेत येऊन सांगू आणि छापू.

पैसा कुठून येईल हा प्रश्न रास्त आहे. सुरुवात वर्गणीतून आणि आमच्या पगारातल्या हिश्श्यातून करू. तरुण संशोधकांसाठीच्या ज्या शिष्यवृत्त्या देशात आहेत, त्यांचे अर्ज घाटावरून आणि घाटाखालून जातील असं करू. अर्ज लिहायला शिकवणं हा पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचाच भाग असेल. ज्या कंपनीच्या मालावर किंवा औषधावर आमचा अभ्यास असेल तिच्याकडून एक रुपयाही घेणार नाही.

ज्येष्ठ शिक्षकांनो, निवृत्त प्राध्यापकांनो, परदेशात गेलेल्या आमच्या जिल्ह्याच्या मुला-मुलींनो, आम्हाला तुमचा वेळ हवा आहे. महिन्यातून एक संध्याकाळ एखाद्या उमेदवाराचा प्रस्ताव वाचा, त्यात चुका काढा, कठोरपणे काढा. आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, डॉक्टर आमच्याकडे आले आहेत, आशाताई तर पहिल्या दिवसापासून आहेत. संख्याशास्त्र, भूजल, मृदाशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेली माणसं अजून हवी आहेत. आपलं शिक्षण गावच्या कामी येईल का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर पैनगंगेच्या काठी देऊळघाटला या, आणि येताना तुमच्या गावातला एक असा आजार लिहून आणा ज्याचं कारण अजून कुणी शोधलेलं नाही.